शिफ्ट सुटतानाची खूण

संत तुकाराम नगर,
८ जुलै २०२४

आप्पा,

जय भीम. अक्षर ओळखलंत ना? नसेल तर पाकीट तुमच्या सुनेला, रश्मीला दाखवा, ती सांगेल कोणाचं ते. पण तिला वाचून दाखवायला लावू नका, तुमचं तुम्ही वाचा. चष्मा टीव्हीच्या मागे पडलेला असतो, असं तुमचा नातू सनी सांगत होता.

दापोडी माझ्या घरापासून मेट्रोने चार स्टेशनं. चार स्टेशनांसाठी तिकीट लावणारी बाई बघून पोस्टातला माणूस हसेल, याची मला खात्री आहे. पण करू काय? फोन तुम्हाला ऐकू येत नाही. गेल्या वर्षी सनीने व्हिडिओ कॉल लावून दिला, तर तुम्ही माझं तोंड बघितलंत आणि मोबाईल पलंगावर पालथा ठेवलात. दहा मिनिटं मला तुमच्या चादरीचा अंधार दिसत होता. दारात येऊन उभं राहायची माझी हिंमत नाही. मग राहिलं पत्रच.

आधी कामाचं सांगते. माझा डावा गुडघा गेलाय. डॉक्टर म्हणाले, शिकवा, पण बसून शिकवा, स्टेज आता बंद. म्हटलं, एक कार्यक्रम करू द्या. त्यांनी एक बोट वर केलं. एक म्हणजे एकच. त्या एकासाठी मी नवीन नृत्य बसवतेय. छत्तीस वर्षं भरतनाट्यम केलं, कृष्णाची वाट बघून बघून डोळे दुखले. या नृत्यात देव नाही, राधा नाही, कोणाची वाट बघणारी नायिका नाही. यात तुमच्या कारखान्यातलं प्रेस शॉप आहे. नाव ठेवलंय 'शिफ्ट'.

भोसरीच्या त्या शेडमध्ये मशिनींचा आवाज इतका, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी कळायचं नाही. म्हणून तुम्ही सगळे हातांनी बोलायचात. चहा आला, साहेब आला, माल संपला, आज घरी पाहुणे आहेत, प्रत्येकाची वेगळी खूण. तुमचे कान गेले तशा त्या खुणा घरी आल्या. मी मुळाक्षरांच्या आधी त्या शिकले. त्या सगळ्या नृत्यात घातल्यात. एक सोडून.

शिफ्ट सुटताना, मशीन दुसऱ्याच्या ताब्यात देताना तुम्ही एक खूण करायचात. घरी आलात की दारातही तीच करायचात, आणि आई स्टोपाशी बसून हसायची. मी पाच-सहा वर्षांची असेन. मला तुमचा घामाने भिजलेला सदरा आठवतो, आईचं हसणं आठवतं. हात मात्र आठवत नाहीत. माझ्या नृत्याचा शेवट नेमका तिथे आहे आणि तिथे येऊन मी नुसतीच उभी राहते.

तेवढं कळवा. लिहायचा कंटाळा असेल तर सनीसमोर करून दाखवा, तो फोटो पाठवेल.

तुम्ही माझ्यावर का रागावलात ते मला माहीत आहे. पुण्याच्या त्या कार्यक्रमात मी स्टेजवर नटराजापुढे वाकले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाच्या मुलीने तसं करायला नको होतं. कबूल. पण त्याला बारा वर्षं झाली, आता तरी सोडा.

तुमची,
आम्रपाली


संत तुकाराम नगर,
२९ जुलै २०२४

आप्पा,

तीन आठवडे झाले. पत्र पोचल्याचं रश्मीने कळवलं. तुम्ही ते वाचलंत, घडी घातलीत आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलंत, असंही कळवलं. म्हणजे डोळे शाबूत आहेत. बरं वाटलं.

सोमवारी माझा क्लास नसतो. सोमवार मला खायला उठतो. बाकीचे दिवस निदान मुली असतात. त्यांच्या आया हिंजवडीहून कॅबमध्ये बसल्या बसल्या मेसेज करतात, मॅडम, ट्रॅफिकमध्ये अडकलेय, हिला अर्धा तास बसवून घ्याल का? मी बसवून घेते. खरं सांगायचं तर तो अर्धा तास मला आवडतो. एकदा एका कंपनीने महिला दिनाला बोलावलं होतं. कॅन्टीनमध्ये टेबलं बाजूला सारून जागा केली होती. मी यशोदेचं पद करत होते आणि समोरचे लोक प्लेटा हातात घेऊन उभे. एकाने पुलाव खाता खाता टाळ्या वाजवल्या, म्हणजे चमच्याने प्लेटवर वाजवलं. घरी येऊन मी ते कोणाला सांगणार? सांगण्यासारखा एकच माणूस होता, तो दापोडीत.

आज पहिला दिवस आठवत बसले. तुमची सायकल इथल्याच हॉलपाशी पंक्चर झाली होती. आत नीलाताईंचा क्लास चालू होता. काचेची खिडकी बंद, आतला आवाज बाहेर येत नव्हता, आणि आला असता तरी तुम्हाला काय? तुम्ही तिथे उभे राहून पाऊण तास बघितलंत. घरी येऊन आईला म्हणालात, "त्या पोरींचं आपल्या शॉपवानीच चाललंय. आवाज न्हाई, नुसतं हात बोलत्यात. मला समदं कळलं. एक फूल तोडत व्हती, तिला काटा टोचला."

आई म्हणाली, "आपल्या पोरीला नाचायला धाडायचं?"

"नाचायला न्हाई," तुम्ही म्हणालात, "बोलायला."

नऊ वर्षांची होते मी. तुम्ही मला सायकलवर घालून आणायचात आणि खिडकीबाहेर उभे राहून सगळं पाठ करायचात. घरी गेल्यावर माझा सराव तुम्ही घ्यायचात. तिथेच घोटाळा झाला. पताका हा पहिला हस्त, चारही बोटं सरळ, जुळलेली. तुम्ही उजव्या हाताने करून दाखवायचात. तुमच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मी सात वर्षांची असताना प्रेसने नेलेलं. मी बघायचे तसं करायचे, ती दोन बोटं दुमडून. नीलाताई पाटावर काठी आपटून म्हणायच्या, "आम्रपाली, हा अर्धपताका झाला. मी पताका सांगितला." तीनदा झालं. चौथ्यांदा मी चिडून म्हटलं, "ताई, माझ्या आप्पांचा असाच असतो."

त्या माझ्याबरोबर बाहेर आल्या. तुम्ही हात खिशात घातलात. ताईंनी तो बाहेर काढायला लावला नाही. एवढंच म्हणाल्या, "कोंडीरामभाऊ, उद्यापासून घरी डाव्या हाताने दाखवा." बोलताना तोंड तुमच्याकडे ठेवून, सावकाश बोलल्या. त्यांना कोणी सांगितलं होतं, कोण जाणे.

ताई जाऊन पाच वर्षं झाली. त्यांचा पाट आणि काठी माझ्याकडे आहे. आणि मी दमले की माझी ती दोन बोटं अजून आपोआप दुमडतात.

खुणेचं तेवढं बघा.

आम्रपाली


संत तुकाराम नगर,
२ सप्टेंबर २०२४

आप्पा,

तुम्ही सांगत नाही म्हटल्यावर मी तुमच्या पाठीमागून फुगेवाडीला, शॉपमधल्या रोहिदासकाकांकडे जाऊन आले. राग येऊ द्या.

काका थकलेत, पण हात तसेच आहेत. मी 'साहेब आला'ची खूण केली, कॉलर ताठ करून दाखवायची ती, तर म्हातारा खुर्चीत सावरून बसला! मग आम्ही तासभर एकही शब्द न बोलता बोललो. त्यांनी मला दोन शिव्याही शिकवल्या. त्या तुम्ही घरी आणल्या नव्हत्यात. काकांनी अंगठा ओठांना लावला तसा शालनबाईंनी आतून चहा आणला. म्हणाल्या, "चाळीस वरसं झाली, घरात बी असंच. मला वाटायचं, कुठल्या मुक्याशी लगीन लावलं माज्या बापानं."

मग मी शेवटची खूण विचारली. काकांनी हात मांडीवर ठेवले.

"ती नगं इचारू."

"का, काका?"

"ती कोंडीरामची हाय. त्यानं बंद केली, मंग आमी बी केली. सोळा जण व्हतो आमी. त्येच्यासमोर कशी करायची?" एवढं बोलून चहा बशीत ओतला आणि त्या बशीतच बघत बसले.

शालनबाई मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. "तू तुज्या बापाला का न्हाई इचारत? दापोडी काय परदेशात हाय व्हय?"

मी म्हटलं, "वेळ नाही मिळत."

वेळ नाही मिळत! सोमवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंतीकडे बघत बसणारी बाई मी. शालनबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन-दोन पायऱ्या उतरत सुटले, गुडघा असा असताना.

पंधरा डिसेंबरला कार्यक्रम आहे. हॉल मिळाला, तोच, खिडकीवाला.

आम्रपाली


संत तुकाराम नगर,
२३ सप्टेंबर २०२४

आप्पा,

काल रश्मी येऊन गेली. आपल्या धम्मरत्नची चाकणला ओव्हरटाइम शिफ्ट होती म्हणून एकटीच आली. तुम्ही माझी तिन्ही पत्रं खिशातच ठेवता, आणि सदरा धुवायला टाकताना काढून पुन्हा नव्या सदऱ्यात ठेवता, असं म्हणाली. मला रडू आलं. मग तिने विचारलं, "ताई, तुम्ही देवाचं काय लिहिलंय? आप्पा ते वाचून हसले."

मी म्हटलं, "नटराजापुढे वाकले ना मी, त्याचाच राग आहे त्यांना."

ती म्हणाली, "ताई, अरंगेत्रमला, तुमच्या पहिल्या कार्यक्रमालाही तुम्ही वाकलाच होतात की. आप्पांच्या कपाटात फोटो आहे. तेव्हा तर ते पहिल्या रांगेत होते." मग म्हणाली, "मी विचारलं त्यांना एकदा. म्हणाले, 'तिची आपली वळख न्हाई.' म्हणजे काय हो, ताई?"

मी तिला म्हटलं, काय माहीत. चहा केला, बिस्किटं दिली, तिला मेट्रोपर्यंत सोडून आले. आणि कालपासून हे पत्र लिहितेय. हा चौथा कागद.

आप्पा, तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. देवाची गोष्ट मी रचली, कारण ती सांगायला सोपी होती. विचारणाऱ्याला म्हणायचं, वडील कट्टर आहेत, माझ्या नृत्यातले देव त्यांना चालत नाहीत. ऐकणारा मान हलवायचा. मीच बिचारी ठरायचे.

आता खरं लिहिते. फेब्रुवारी दोन हजार बारा. पुण्यातला मोठा कार्यक्रम, मला तो पुरस्कार. पत्रिकेवर माझं नाव नुसतं 'आम्रपाली'. आडनाव मीच काढायला लावलं होतं. बुद्धाला आमराई देणाऱ्या आम्रपालीचं नाव तुम्ही हौसेने ठेवलेलं, आणि लोकांना वाटायचं, मी कलावंतीण म्हणून घेतलंय. मी वाटू दिलं. तुम्ही दुसऱ्या रांगेत होतात. माझा अभिनय चालू असताना तुम्ही खालून डाव्या हाताने उत्तर देत होतात, शॉपमध्ये द्यायचात तसं. 'माल एक नंबर.' लोक वळून बघत होते. मी बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

नंतर मेकअपच्या खोलीत प्रमुख पाहुण्या बाई माझ्याशी बोलत होत्या, नीलाताई शेजारी. तुम्ही दारात आलात, हातात आईचा डबा. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे भाकरी तुम्हीच थापली असणार. आणि सुकटीची चटणी. कार्यक्रमाच्या दिवशी मी सकाळपासून खात नाही, नंतर मला तेच लागतं, हे जगात दोघांनाच माहीत होतं. डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. खोलीत सुकटीचा वास आला. पाहुण्या बाईंनी नाकाला रुमाल लावला नाही, उगाच खोटं कशाला सांगू. त्यांनी फक्त विचारलं, "हे कोण? मघाशी पुढे बसून हातवारे करत होते तेच ना?"

मी म्हटलं, "आमच्या जुन्या वस्तीतले आहेत कोणी. तोंडओळख आहे."

हे मी हळू म्हटलं. आप्पांना ऐकू येत नाही, मधे पंधरा फुटांचं अंतर, असं माझ्या मनात आलं होतं. हो, हिशोब करून बोलले मी. पण कोणापुढे? आई ओट्याशी पुटपुटली तरी तुम्ही अंगणातून उत्तर द्यायचात. लहानपणी वस्तीच्या त्या टोकावरून मी आवाज न काढता ओठ हलवायचे, 'आप्पा, गोळी', आणि तुम्ही घेऊन यायचात. तीस वर्षं प्रेसवर दुसऱ्यांचे ओठ वाचत काढलेला माणूस, आणि त्याची मुलगी त्याच्याकडे तोंड करून बोलली! मी पाठ फिरवली असती तर तुम्हाला कधीच कळलं नसतं. मला कित्येक वर्षं पश्चात्ताप झाला तो पाठ न फिरवल्याचा. बोलल्याचा पश्चात्ताप त्यानंतर झाला. तेही लिहूनच टाकते, आता काय लपवायचं.

तुम्ही डबा दाराशेजारच्या खुर्चीवर ठेवलात, अगदी सरळ, हँडल माझ्याकडे करून. आणि गेलात. नीलाताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यानंतर वारेपर्यंत त्यांनी पुन्हा कधी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही.

डबा मी रिक्षात उघडला आणि सगळं खाल्लं. बोटं चाटून खाल्लं. रडत वगैरे नव्हते, भूक लागली होती. डबा अजून माझ्याकडे आहे. त्यावर 'सौ. सरूबाई कोंडीराम' असं नाव कोरलंय. घासते आणि ठेवून देते.

मला माफ करा, असं लिहिलं होतं आधीच्या तीन कागदांवर. तिन्ही फाडले. माफी मागितली की तुमच्यावर काम येऊन पडतं. तुम्हाला काहीच करायला लागू नये म्हणून नुसतं लिहिलं, की मला माहीत आहे मी काय केलं.

आम्रपाली


संत तुकाराम नगर,
१४ ऑक्टोबर २०२४

आप्पा,

परवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी दापोडीला आले होते. विहाराच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, केळीच्या गाडीशेजारी उभी होते. पांढरी साडी नेसून आले होते, म्हणजे बघा, आत यायचंच ठरवून आले होते. तुम्ही दिसलात. वंदनेला सगळ्यांनी हात जोडले, तुम्ही उजवा खिशात आणि डावा छातीशी. केस पूर्ण पांढरे झालेत. सनी तुमच्या खांद्याएवढा झाला. मी एक डझन केळी घेतली आणि परत गेले. एकटीला डझनभर केळी कशी संपवायची? चार मुलींना वाटली, बाकीची काळी पडली.

त्या पत्राचं उत्तर नाही आलं. येऊ नये हेच बरोबर आहे, असं दिवसा वाटतं.

आता फक्त बोलावणं. रविवार, पंधरा डिसेंबर, दुपारी चार. तुम्हाला रात्रीचा त्रास नको म्हणून दुपारी ठेवलाय. पहिल्या रांगेतली डावीकडची पहिली खुर्ची तुमची. माझ्यासाठी येऊ नका. शॉप बघायला या. सोळा जणांचं काम आहे, मी चुकले तर सांगायला कोणीतरी हवं. आणि काही नाही तर डबा न्यायला या. आईची वस्तू आहे, माझ्याकडे कशाला?

आम्रपाली


९ डिसेंबर २०२४

आप्पा,

खूण अजून नाही. शेवट रिकामाच ठेवलाय. मृदंग थांबतो, मी हात खाली सोडून उभी राहते, संपलं. दिव्या, माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, म्हणते, "मॅडम, लोकांना वाटेल तुम्ही विसरलात." मी म्हटलं, खरंच विसरलेय.

रविवारी चार वाजता.

आम्रपाली


संत तुकाराम नगर,
१६ डिसेंबर २०२४

आप्पा,

काल तुम्ही पोचलात का नीट? रश्मीला विचारलं, ती म्हणाली, आले, जेवले, झोपले. नेहमीसारखं. मला मात्र झोप नाही. म्हणून लिहिते, तुम्ही तिथे होतात तरी. मला कुठून काय दिसलं ते तुम्हाला कुठे माहीत आहे?

चारला दहा कमी असताना तुमची खुर्ची रिकामी होती. चार वाजता रिकामी. सव्वाचारला मी सुरू केलं. साठ-सत्तर माणसं असतील, बहुतेक मुलींचे पालक. रोहिदासकाका आणि शालनबाई तिसऱ्या रांगेत. मी ठरवलं होतं, त्या खुर्चीकडे बघायचं नाही. दर फेरीला बघत होते. चहाची खूण झाली, काका मोठ्याने हसले. साहेब आला, माल संपला, पाहुणे आले. गुडघा ठणकायला लागला तेव्हा अर्धं झालं होतं. तुमचा अपघात मी दाखवला नाही आप्पा. तिथे फक्त ठेका एकदा चुकतो आणि पुन्हा सुरू होतो, कारण काकांनी सांगितलं, प्रेस त्या दिवशी वीस मिनिटांत परत सुरू झाला.

मग शेवट आला. मृदंग थांबला. मी हात खाली सोडले आणि उभी राहिले. मला वाटलं, झालं, संपलं, छत्तीस वर्षं इथे संपली. तोंड फिरवलं ते टाळ्यांसाठी नाही, तुमच्या खुर्चीच्या बाजूला बघवेना म्हणून. आणि खिडकीत तुम्ही.

केव्हापासून उभे होतात? दिव्या म्हणते, सुरुवातीपासून. तिला वाटलं, जाणारं-येणारं कोणी असेल.

तुम्ही उजवा हात खिशातून काढलात. दोन्ही हात वर करून पंजे काचेवर टेकवलेत, बोटं फाकून. डाव्याची पाच, उजव्याची तीन. आणि माझ्याकडे बघत राहिलात, दारातून आईकडे बघायचात तसे.

तेव्हा मला आईचा आवाज आठवला, आप्पा. हात नव्हते आठवत, आवाजही नव्हता आठवत, तो एकदम आला. ती स्टोपाशी बसून मोजायची. मोजून झालं की म्हणायची, "धा हायेत. या आत." सोळा जण शिफ्ट सुटताना एकमेकांना दहा बोटं दाखवायचे. सगळी आहेत, जा घरी. एवढीच ती खूण. आणि एक दिवस तुमची आठ झाली, तेव्हा तुम्ही ती बंद केलीत आणि तुमच्यासमोर नको म्हणून त्या पंधरा जणांनीही बंद केली. अडतीस वर्षं तुम्ही हा हात परक्यांपुढे खिशात ठेवलात, आणि काल काढलात तो माझा शेवट अडला होता म्हणून.

मी हात वर केले. दहा दाखवायची होती. पण तुमच्याकडे बघता बघता उजव्या हाताची ती दोन बोटं दुमडली. मुद्दाम नाही हो. दमले होते. नीलाताई असत्या तर काठी आपटली असती. तिसऱ्या रांगेत रोहिदासकाका उठून उभे राहिले आणि त्यांनीही दोन्ही हात वर केले. तुम्हाला ते दिसलं नसेल, मधे खांब आहे.

टाळ्या झाल्या. लोक माना वळवून खिडकीकडे बघायला लागले. पुढच्या रांगेतून दिव्याच्या आईने विचारलं, "मॅडम, कोण आहेत ते?"

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. खिडकीकडे तोंड केलं, ओठ नीट उघडून म्हटलं, "माझे वडील."

तुम्ही मान तिरकी केलीत. बोट गोल फिरवलंत. पुन्हा सांग.

मी पुन्हा सांगितलं, "माझे वडील आहेत."

तुमचं बोट पुन्हा फिरलं. तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा वॉचमन आत आला. सगळ्या हॉलने ऐकलं, एक तुम्ही सोडून. मग तुम्ही मान हलवलीत आणि खिडकीतून बाजूला झालात. मी घुंगरू न काढता, लंगडत बाहेर आले, तोवर तुम्ही मेट्रोचा जिना चढत होतात. हाक मारून उपयोग नव्हता. पाठमोरे होतात, ओठही दिसणार नव्हते. पण उजवा हात बाहेर होता, कठड्याला धरलेला. मी जिन्याखाली उभी राहिले, तुम्ही दिसेनासे होईपर्यंत. डबा राहिला तो राहिलाच.

घरी आले, पाणी प्यायले, आणि मग मला हसू फुटलं. एकटीच हसत होते. आप्पा, बारा वर्षांपूर्वी पंधरा फुटांवरून, पुटपुटलेलं, एका फटक्यात वाचलंत. आणि काल काचेला नाक लावून उभे होतात, भर उजेडात, तर तीनदा सांगायला लागलं?

खरं सांगा. पहिल्याच वेळी कळलं होतं ना?

तुमची मुलगी,
आम्रपाली